धडधड थांबल्यावर काढलेला कार्डिओग्राम नॉर्मलच येतो

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन रुग्ण आहेत, म्हणून मला जे समजलं ते आधी मांडतो. तुमचं वय ३४. दक्षिण सोलापुरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही शिकवता, विजापूर रोडनं रोज स्कूटीवर ये-जा असते. दोन वर्षांपासून मधूनच छातीत एकदम धडधड सुरू होते, १० मिनिटं ते पाऊण तास चालते आणि आपली आपण थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. कार्डिओग्राम नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. एका ठिकाणी गॅस म्हणाले, दुसरीकडं टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली, आणि आता कुणीतरी अँजिओग्राफी सुचवलीय. दुसऱ्या बाळाचा विचार त्यापायी थांबलाय. घरात सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपी आणि साखर दोन्ही. त्यांच्या कागदावर ‘एएफ’ लिहून रक्त पातळ करायची गोळी दिली होती, ती त्यांनी धडधड राहिली नाही म्हणून बंद केली. तुम्ही विचारता: मला हार्ट ॲटॅक येणार का, दोघींचं दुखणं एकच का, आणि हे घेऊन जगायचं कसं.

मी सोलापुरातच फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम करतोय. नाडीवर बोट न ठेवता निदान सांगता येत नाही, आणि मी ते सांगणारही नाही. पण तुम्ही जे बारकावे लिहिलेत त्यावरून कुठल्या दिशेनं जायला हवं हे नक्की सांगता येईल. आणि दोघींचं दुखणं एक नाही, हे तर आत्ताच सांगतो.

आधी सासूबाईंचं बोलू, कारण तुमच्यापेक्षा त्यांचं काम तातडीचं आहे.

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांपर्यंत संदेश कसेही, केव्हाही पोचतात, त्यामुळं नाडीला ताल म्हणून राहत नाही. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग तीन भराभर. धडधड हा त्यातला कमी त्रासाचा भाग. खरी भीती वेगळी आहे: थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, तिथं गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडं गेली की लकवा. एएफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

म्हणजे ती गोळी धडधडीची नव्हतीच. ती लकवा टाळण्यासाठी होती. एएफ येतं, जातं, आणि कित्येकदा ते चालू असताना माणसाला काहीच जाणवत नाही. धडधड थांबली म्हणून गुठळीचा धोका संपत नाही. ही गोळी कुणाला द्यायची हे वय, बीपी, साखर, पूर्वी लकवा येऊन गेलाय का, हृदयाची ताकद कशी आहे, यावरून ठरतं. सासूबाईंचं वय ६५ च्या पुढं, बीपी आहे, साखर आहे. माझ्या हिशेबानं त्या गोळी लागणाऱ्यांतच बसतात. ‘त्याऐवजी रोज ॲस्पिरिन देतो’ असं बरेच जण करतात, पण एएफमधल्या लकव्यापासून ॲस्पिरिन पुरेसं वाचवत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतोच.

कुठली गोळी, हे त्यांच्या हृदयाच्या झडपेवर अवलंबून आहे. त्यांचा इको रिपोर्ट काढा आणि मायट्रल झडप अरुंद झाल्याचं लिहिलंय का ते डॉक्टरांना विचारा. लहानपणी सांधे सुजून ताप येण्याचा आजार आपल्या भागात पुष्कळांना होऊन गेलेला असतो, आणि त्यातून झडप अरुंद होते. तशी झडप बऱ्यापैकी अरुंद असेल तर वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल हीच जुनी औषधं लागतात. सांधेवाताच्या तापानं हृदय बिघडून एएफ झालेल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतातले रुग्णही होते. नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या औषधावरचे रुग्ण जास्त जगले, असं त्यात दिसलं. झडप चांगली असेल तर मात्र अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन यांतलं एखादं सोयीचं पडतं, कारण त्याला वरचेवर रक्त तपासायला लागत नाही. फक्त त्याआधी किडनीची तपासणी हवी.

जुनी गोळी असेल तर आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरलेल्या मुदतीत करायची आणि तो आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा. इथं आपल्याकडं एक घोळ नेहमी होतो. कुणीतरी सांगतं ‘पालेभाजी बंद’, म्हणून मेथी, शेपू, पालक, करडईची भाजी सगळं ताटातून जातं. मग महिन्याभरानं बाजारात स्वस्त झाली म्हणून आठवडाभर रोज पालेभाजी. या भाज्यांतल्या के जीवनसत्त्वानं गोळीचा जोर कमी होतो, म्हणून आकडा खालीवर होत राहतो. पालेभाजी खाऊ द्या, फक्त आठवड्याला जेवढी खातात तेवढीच कायम ठेवा.

आणि गुडघेदुखी. सासूबाईंच्या वयात ती असतेच, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळीही घरात असतेच. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मी अशा रुग्णांना दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून आणायला सांगतो, म्हणजे घरात काय काय आहे ते समोर दिसतं. काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार, यांतलं काही झालं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

त्यांनी बंद केलेली गोळी तुम्ही स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. पण याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं बोबडं होणं, असं काही दिसलं तर तेल चोळत बसायचं नाही. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. ते देता येईल की नाही हे चालू गोळ्यांवरही ठरतं, म्हणून त्यांची चिठ्ठी सोबत न्या.

आता तुमचं.

तुमचा प्रश्न ‘हार्ट ॲटॅक येईल का’ असा असला तरी खरी अडचण अशी आहे की दोन वर्षांत धडधड चालू असताना तुमची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, कुणी काढलेलीच नाही. कार्डिओग्रामच्या मशीनला त्या क्षणी हृदय काय करतंय तेवढंच दिसतं. ठोके पूर्ववत झाल्यावर काढलेली पट्टी नॉर्मल येणारच. इको हृदयाचे कप्पे, झडपा, आकुंचनाची ताकद दाखवतो, लय दाखवत नाही. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांतले अडथळे दिसतात. तुमच्या वयात, चालताना छातीत दुखत नसताना, या तक्रारीसाठी मी ती सुचवणार नाही. तपासण्या सगळ्या झाल्या, पण नेमक्या दुखण्याची झालीच नाही.

असा रुग्ण समोर आला की मी त्याला टेबलावर बोटानं ठोके वाजवून दाखवायला सांगतो. मशीनइतकाच उपयोग त्याचा होतो. कुणी एक ठोका वाजवून थांबतं आणि मग जोरात एक वाजवतं. तो चुकल्यासारखा वाटणारा जादा ठोका असतो, बहुतेकदा निरुपद्रवी. कुणी वेडंवाकडं, ताल नसलेलं वाजवतं, तेव्हा एएफ मनात येतं. कुणी हळूहळू वेग वाढवत नेतं आणि तसाच कमी करत आणतं. ते भीती, ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं यांत दिसतं. आणि कुणी एकदम टकटकटकटक सुरू करतं, अगदी एकसारखं, आणि एकदम थांबतं. तुम्ही लिहिलंय, ‘बटण दाबल्यासारखी सुरू होते, तशीच बंद होते.’ गळ्यात फडफडल्यासारखं वाटतं. थांबल्यावर तासभर सारखं लघवीला जावं लागतं. हा शेवटचा बारकावा तुम्ही सहज लिहिलाय, पण माझ्यासाठी तो फार मोलाचा आहे. वेगानं धडधडताना वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि लघवी वाढवणारं एक संप्रेरक त्यांतून सुटतं. गॅसनं असं होत नाही.

या सगळ्यावरून मला संशय आहे तो एसव्हीटीचा, म्हणजे वरच्या भागातून निघणाऱ्या जलद ठोक्यांचा. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेचा संदेश पुढं पाठवणारी एक गाठ असते. काही जणांत जन्मतःच तिथं संदेशाला एकीऐवजी दोन वाटा असतात. रोज काही बिघडत नाही. पण एखादा ठोका अवेळी आला की संदेश एका वाटेनं खाली उतरतो आणि दुसरीनं परत वर येतो. सात रस्त्याला वाहनं बाहेर पडायच्या ऐवजी चौकातच गोल फिरत राहावीत, तसं ते चालतं, आणि दर फेरीला हृदयाला एक ठोका बसतो. मिनिटाला १५० ते २२० पर्यंत ठोके जाऊ शकतात. हा प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो आणि बऱ्याचदा तरुणपणीच सुरू होतो. रक्ताच्या नळीत अडथळा होऊन येतो तो हार्ट ॲटॅक. हा प्रकार तो नाही. एरवी निरोगी असलेल्या हृदयात यानं जीव जाणं अगदी दुर्मीळ आहे.

टेन्शनचं निदान तुम्हाला लागलं असेल, ते मी समजू शकतो. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढं एसव्हीटीच असल्याचं सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांना त्यांच्या लक्षणांबद्दल विचारलं गेलं, तर ६७ टक्के लोक पॅनिकच्या व्याख्येतही तंतोतंत बसत होते. आणि ‘मनाचं आहे’ असं सांगून पाठवलं जाणं पुरुषांपेक्षा बायकांच्या वाट्याला जास्त आलं होतं. माणूस बसल्या जागी मिनिटाला १८० ठोक्यांवर गेला तर घाबरणारच. आधी धडधड, मग भीती, हा क्रम मी प्रत्येकाला विचारतो. खरोखर घबराटीचा आजार असणारेही असतात, दोन्ही एकत्र असणारेही असतात, म्हणून झोपेची गोळी चूकच होती असं मी इथून म्हणणार नाही, आणि ती एकदम सोडूही नका. पण तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही.

मग पट्टी मिळवायची कशी? तुम्हाला महिन्यातून एक-दोनदा त्रास होतो, म्हणजे २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणाऱ्या यंत्रात) तो सापडेलच असं नाही. रोज होत असता तर मी होल्टरच लावलं असतं. तुमच्यासाठी सरळ उपाय: घरापासून आणि शाळेपासून जवळ कार्डिओग्रामचं मशीन नक्की कुठं आहे आणि ते किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे आजच बघून ठेवा. धडधड सुरू झाली की तिथं जा आणि दारातच एक वाक्य म्हणा: ‘धडधड आत्ता चालू आहे, आधी पट्टी काढा.’ केस पेपर, नाव, पत्ता, बीपी हे सगळं मागाहून. सिव्हिलमध्ये असो की खासगीत, हे वाक्य ऐकल्यावर बहुतेक ठिकाणी लगेच आत घेतात. दुसरं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून बऱ्याच घरांत पडून आहे. सेल घालून चालू आहे का बघा. धडधडीत त्यावरचा नाडीचा आकडा आणि वेळ मोबाइलवर व्हिडिओत घ्या. आकडा १८० वर जाऊन एकदम ८५ वर आलेला दिसला तरी डॉक्टरला पुष्कळ समजतं. मनगटावरच्या ज्या घड्याळात कार्डिओग्राम काढायची सोय आहे ते कुणाकडं असेल तर तीस सेकंदांची नोंदही उपयोगी पडते, फक्त घड्याळानं छापलेल्या निदानावर विसंबू नका, पट्टी माणसाला दाखवा.

आणि पट्टी मिळाली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा, झेरॉक्स करा. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो. प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटावर ठेवला, वर सोलापूरचा मे महिना, की पुढच्या भेटीत हातात कोरा कागद येतो. दोन वर्षं शोधलेली पट्टी अशी पुसून गेलेली मी पाहिली आहे.

जुन्या नॉर्मल पट्ट्याही फेकू नका. काहींच्या हृदयात वरून खाली जाणारा एक जादा दुवा असतो, त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात, आणि त्याची खूण धडधड नसतानाच्या पट्टीतही दिसू शकते. तुमच्या पट्टीत ती खूण आहे का, हा प्रश्न फिजिशियनला नाव घेऊन विचारा. कारण ती असेल तर व्हेरापामिलसारखी काही औषधं विशिष्ट परिस्थितीत धोक्याची ठरतात. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेली ‘ठोक्याची गोळी’ तुम्ही घ्यायची नाही.

धडधड सुरू झाली की काय करायचं? स्कूटीवर असाल तर आधी कडेला घ्या, उतरा, सावलीत बसा. मशीन जवळ असेल तर पहिल्या एक-दोन वेळा पट्टीला प्राधान्य द्या. निदान झाल्यावर मग ती घरी थांबवायचा प्रयत्न करायचा. त्याची रीत मी रुग्णाला तपासायच्या टेबलावर करून दाखवतो, नवऱ्याला किंवा बहिणीला शेजारी उभं करून. १० मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुई न लावता. दट्टा एकदा मागंपुढं करून सैल करायचा. पाठीला उशा लावून अर्धवट बसायचं, सिरिंजच्या टोकाला ओठ घट्ट लावायचे आणि दट्टा जेमतेम हलेल इतक्या जोरानं पूर्ण १५ सेकंद फुंकायचं. बहुतेक जण सातव्या-आठव्या सेकंदाला सोडतात, म्हणून शेजारच्यानं मोठ्यानं मोजायचं. फुंकणं संपताक्षणी पाठ सपाट, आणि शेजारच्यानं दोन्ही पाय गुडघे न वाकवता उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा अर्धवट बसायचं आणि मिनिटभर वाट बघायची. २०१५ साली इंग्लंडमध्ये सव्वाचारशेहून जास्त रुग्णांवर हे तपासलं गेलं. नुसतं फुंकून १७ टक्के लोकांची धडधड थांबली, पाय उचलल्यावर ४३ टक्के लोकांची. काडीचा खर्च नाही. जोर लावण्यानं आणि पायांतलं रक्त एकदम हृदयाकडं आल्यानं एक नस चाळवते, ती मधल्या गाठीचा वेग कमी करते आणि ती गोल फेरी तुटते. काचबिंदू असेल, नुकतं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थंड पाण्यात तोंड बुडवणंही काहींना लागू पडतं. पण डोळ्यांवर दाब देणं आणि मानेची नस चोळणं, हे घरी कुणीही करायचं नाही.

एवढ्यानं थांबली नाही तर रुग्णालयात ॲडेनोसिन देतात. त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण न सांगता दिलं तर माणूस फार घाबरतो. औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून कोपराच्या शिरेत झटक्यात देतात आणि मागोमाग सलाइन जोरानं ढकलतात. पट्टी चालूच असते. चेहरा लाल होतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, ‘डॉक्टर, मी चालले’ असे शब्द मी किती जणींच्या तोंडून ऐकलेत. कागदावर दोन-चार सेकंद सरळ रेघ जाते, एखाददुसरा वेडावाकडा ठोका उमटतो, आणि मग सुटे सुटे, शांत ठोके यायला लागतात. ही भावना अर्ध्या मिनिटाच्या आत ओसरते. दमा असेल तर इंजेक्शनआधी तेवढं नक्की सांगा.

थांबून बघायचं नाही असे प्रसंगही आहेत. धडधडीत शुद्ध हरपली, विशेषतः पळताना किंवा जिना चढताना. छातीत दुखायला लागलं, दम लागला, अंग घामानं थंड पडलं. अर्धा तास झाला तरी थांबेना. किंवा रक्ताच्या नात्यात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल. यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं कॅज्युअल्टीत जा, स्वतः गाडी चालवत नको. शेवटची गोष्ट तुमच्या घरात आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहेरी विचारून घ्या.

आता रोजच्या जगण्याचं. दोन वाटा जन्मतः असतात, त्या कशानं तयार होत नाहीत आणि पथ्यानं जातही नाहीत. पण फेरी सुरू व्हायला जो अवेळी ठोका लागतो, तो काही गोष्टींनी जास्त येतो. अपुरी झोप, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, थायरॉइडची गोळी जास्त होणं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढं असतो, त्यात दुपारच्या शाळेतून स्कूटीवर यायचं, शाळेत स्वच्छतागृहाची अडचण म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं, हे मी शिक्षिकांकडून फार ऐकतो. पाणी प्या, ताक प्या, बाटली सोबत ठेवा. उपवासाबद्दल विचारलंत. आषाढीचा उपवास करा, पण निर्जळी नको, आणि आदल्या रात्रीचं जागरण नको. सासूबाईंना साखरेच्या गोळ्या आहेत, त्यांच्या उपवासाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. चहाचं सगळ्यांना सारखं लागू होत नाही. दोन कप बहुतेकांना काही करत नाहीत. तुमच्या नोंदीत चहानंतर त्रास झालेला वारंवार दिसला तर सोडा, नाहीतर उगाच स्वतःला शिक्षा नको. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) मात्र एकदा तपासून घ्या. रक्त कमी असणं आपल्या बायकांत इतकं आहे की धडधडीच्या रुग्णात ते न बघता पुढं जाऊच नये.

पट्टीत एसव्हीटी दिसली तर तीन मार्ग उरतात. वर्षात एखाददुसऱ्या वेळी आणि सिरिंजनं थांबत असेल, तर काहीच न करणं हाही मार्गच आहे. वरचेवर होत असेल तर रोजची गोळी, बहुधा मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेमच्या घरातली. यानं वेळा कमी होतात, दुखणं जात नाही. आणि तिसरा मार्ग ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, जादा वाट शोधतात आणि तेवढ्याच जागी उष्णता देऊन ती बंद करतात. छाती उघडत नाहीत, बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. तुमच्यासारख्या प्रकारात शंभरातल्या ९५ हून जास्त जणांचा त्रास यानं जातो. धोका नाही असं नाही: ती वाट मूळ गाठीला लागूनच असल्यानं गाठीला इजा होऊन पेसमेकर लागण्याची शक्यता असते, पण ती शंभरात एकाहूनही कमी. सोलापूरकर यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जातात. ॲब्लेशन रोज करणाऱ्या, ठोक्यांच्याच तज्ज्ञाकडं जा, आणि अशा किती केसेस केल्यात हे विचारायला संकोच करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं प्रोसीजर बसतं का हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जिल्हा परिषदेच्या सेवेत आहात, तर वैद्यकीय प्रतिपूर्तीला कुठले कागद लागतात तेही जायच्या आधीच समजून घ्या.

हा निर्णय एरवी मी रुग्णाच्या सवडीवर सोडतो. तुमच्या बाबतीत थोडा आग्रह धरेन, कारण दुसऱ्या बाळाचा विचार आहे. गरोदरपणात हे झटके वाढू शकतात. तेव्हाही सिरिंजचा उपाय शेवटचे महिने सोडून करता येतो, ॲडेनोसिनही देता येतं, म्हणजे हात बांधलेले नसतात. पण रोजच्या गोळीची निवड अवघड होते आणि ॲब्लेशन शक्यतो टाळावं लागतं. म्हणून आधी पट्टी, मग तज्ज्ञांची भेट, ॲब्लेशन ठरलं तर ते, आणि त्यानंतर बाळ, असा क्रम ठेवा. धडधडीमुळं बाळाचा विचार सोडून द्यायचं काहीच कारण मला तुमच्या लिहिण्यात दिसत नाही.

तोवर शाळेत एका तरी सहकारी बाईंना हे सगळं सांगून ठेवा. सिरिंज पर्समध्ये ठेवा, पाय कसे धरायचे ते त्यांना शाळा सुटल्यावर एकदा करून दाखवा, आणि जवळचं कार्डिओग्रामचं मशीन कुठं आहे तेही त्यांना माहीत असू द्या. पट्टी हाती आली की तुमच्या फिजिशियनना दाखवा. ते काय म्हणाले ते मला कळवलंत तर पुढचं त्यावरून सांगता येईल.